शिवलेलं लपण

काल सकाळी रुख्मिणीनं चहाची बशी खाली ठेवली, पदर डोक्यावरून नीट ओढला, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ताठ बसली, हनुवटी जराशी उचलली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, फोटो कधी भेटतील?" मला आधी वाटलं थट्टा करते. आमच्या घरात थट्टेचा मक्ता माझ्याकडे, पण इतक्या वर्षांच्या संसारात थोडी तिलाही लागली असेल. मग मी तिचे डोळे पाहिले. मेहकरात मी सारा जन्म फोटो स्टुडिओ चालवला. लाजलेले, भ्यालेले, लग्नाच्या स्थळासाठी बळेच आणून बसवलेले, सगळ्या तऱ्हेचे डोळे मी भिंगातून पाहिलेत. रुख्मिणीचे डोळे परक्या माणसाशी अदबीनं बोलणाऱ्या बाईचे होते. "परवा या, बाई," मी म्हणालो, "धुवायला टाकलेत." तिनं मान हलवली, "बरं" म्हणाली आणि उरलेला चहा प्याली. झालं एवढंच. बशी फुटली नाही, कोणी रडलं नाही, रस्त्यावरून भोंगा लावून भंगारवाला गेला. पण मी तिथेच उभा राहिलो, हातात सांडशी घेऊन, आणि मला कळेना की आता आपण ह्या स्वयंपाकघरात काय म्हणून उभे आहोत. नवरा म्हणून की दुकानदार म्हणून. दुकानदार असेन तर दुसऱ्याच्या घरात सकाळच्या पारी सांडशी घेऊन मी करतो काय?

तोच क्षण आज शुक्रवारी भर दुपारी माझ्या डोक्यात घोंगावत होता, आणि मला जागचं हलता येत नव्हतं. हिवरा आश्रमाच्या रस्त्याला धरणाचा फुगवटा आहे. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं आणि चिखलाच्या भेगाळ पापुद्र्यांचं मैदान उघडं पडतं. त्या मैदानात, पाण्याच्या कडेशी, ताडपत्री आणि गोणपाटाच्या एका खोक्यात मी मांडी घालून बसलो होतो. ह्याला लपण म्हणतात. पाखरांचे जवळून फोटो काढायचे तर माणसानं असं लपून बसायचं, समोर एक भोक, भोकातून कॅमेऱ्याचं तोंड बाहेर. समोर, मी काठी लांब केली असती तर टोकाला लागली असती इतक्या जवळ, शेकाट्याचं घरटं. घरटं कसलं, चिखलाचा उंचवटा, त्यावर खडे आणि वाळल्या काड्या, मधे मातीच्याच रंगाची, वर शाई शिंपडल्यासारखी चार अंडी. शेकाट्या हे पाखरू देवानं उरलेल्या सामानातून केलेलं आहे. अंग मुठीएवढं, पोट पांढरंफेक, पंख काळे, चोच दाभणासारखी, आणि पाय हे एवढे लांब, गुलाबी, बांगडीच्या काचेसारखे. अंड्यांवर बसताना ते पाय कॅमेऱ्याच्या तिपाईसारखे मागून दुमडावे लागतात, आणि दुमडताना दर वेळी त्याच्या तोंडावर 'हे कोणी सांगितलं होतं' असा भाव येतो. हे मी वाढवून सांगत नाही. माझ्या बाकी गोष्टी तुम्ही वजनातून थोडं काढून घ्या, ही पुरी घ्या.

लपण नौशादनं शिवलं. नौशादचं बसस्टँडमागे गादी-रजईचं दुकान आहे, आणि माझ्या स्टुडिओच्या भिंतीला त्याची भिंत लागून. तो कापूस पिंजायचा तेव्हा माझे काही फोटो बर्फात काढल्यासारखे यायचे. मी गिऱ्हाइकाला सांगायचो, काश्मीरचा पडदा लावलाय, थंडी आत शिरणारच. त्या पडद्यावरच्या तळ्यात एकदा बकरी शिरली आणि ओल्या खुरांनी बाहेर आली, असं मी गावाला सांगितलं. तर दोन खेड्यांतून माणसं बकऱ्या घेऊन आली. असो. पाखराला मोजता येत नाही, एवढ्यावर लपणाचा सगळा धंदा चालतो. दोघांनी चालत जायचं. पाखरू उडतं. एकानं आत बसायचं, दुसऱ्यानं पाय आपटत, खाकरत परत जायचं. पाखराला वाटतं, आलेलं संकट गेलं. ते परत येऊन अंड्यांवर बसतं. निघायची वेळ झाली की दुसऱ्यानं पुन्हा चालत यायचं, पाखरू त्याच्या अंगावर धावून जातं, तेवढ्यात पहिल्यानं मागच्या बाजूनं निसटायचं. मधेच, एकट्यानं, आतून बाहेर निघालं तर पाखराच्या लक्षात येतं की ह्या खोक्याच्या पोटात माणूस होतं. मग ते पुन्हा विश्वास ठेवत नाही. वैशाखाच्या उन्हात अंडी थोडा वेळ उघडी राहिली तरी उकडून निघतात, आणि त्याआधी बाभळीवरचे कावळे आहेतच.

आज वारा होता. लपणाचं मागचं फडकं सारखं फडफडत होतं आणि शेकाट्याची बायको दर फडफडीला उठत होती. नौशादनं कमरेच्या पिशवीतून गादी शिवायची दाभणसुई काढली. "निवृत्तीभाऊ, हे पाखरू फडफडीले भेऊन राह्यलं. मी दारच शिवून टाकतो."

"अन् मले लघवीले लागली तर बे?"

"तर गादी ओली होईन. मले काही नवी हाय का?" त्यानं बाहेरून टाके घालायला सुरुवात केली. गादीवाल्याचा टाका म्हणजे आत कापूस दाबून बसवायचा टाका; दोन टाक्यांत नख शिरत नाही. "जुम्म्याची नमाज पढतो अन् येतो. तंवर झोपू नको, घोरशील तर पाखरू मरून जाईन." मग खाकरत, पाय आपटत तो गेला, बाभळीखालून मोटारसायकल निघाल्याचा आवाज आला, आणि रजईत कापूस भरल्या जावा तसा मी आत उरलो. हा वेडेपणा आम्ही दोघांनी मिळून केला. दुसऱ्या कोणालाही सुचलं असतं की शिवलेलं उसवायला आत बसलेल्याजवळ काहीतरी द्यावं. पण नौशादच्या आयुष्यात गादीच्या आतून कोणी कधी काही मागितलेलं नाही.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. पहिला काही वेळ. आत गोणपाटाचा वास, माझ्याच घामाचा वास, गुडघ्याशी पाण्याची बाटली. आणि कोणाशी बोलायचं नाही. घरी मी सकाळपासून बोलतो. कोणी दारात आलं की मी त्याच्या आधी ओट्यावर हजर होतो आणि सुरू होतो. दूधवाल्याला मी पैनगंगेतल्या सुसरीची गोष्ट सांगितली, जिला दातदुखी होती. कुरियरवाल्याला माझ्या आजोबांची, ज्यांची सावली सुलतानपूरच्या बाजारात विकली गेली. माणसं हसतात, घड्याळ पाहतात, जातात. आत येत नाहीत. आत रुख्मिणी मीठ समजून साखर, साखर समजून रांगोळी भाजीत घालत असते, किंवा माहेरच्या विहिरीवर जायला निघालेली असते, किंवा नुसती बसलेली असते. मागच्या पोळ्याला तिनं मातीच्या बैलांना ओवाळताना हात थांबवला आणि मला विचारलं, "हे कोणाचे?" तेव्हापासून. पहिल्यांदा मी सांगितलं तिला बरं नाही. मग लोक भेटायला येऊ लागले. मग मी माझ्या उभ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट रचली: रुख्मिणीनं वर्षाचं मौन धरलंय. गावानं ती गोष्ट अशी उचलली की मलाच भीती वाटली. शेजारची तानुबाई तिच्या पाया पडून गेली. कोणी नारळ ठेवला. एक मास्तर मला म्हणाले, वहिनींच्या चेहऱ्यावर तेज आलंय. मी म्हणालो, येणारच. आणि पुण्याची आमची जयमाला, एकुलती लेक, फोनवर दर रविवारी विचारायची, "आई अजून मौनातच?" मी फोन रुख्मिणीच्या कानाला लावायचो, जयमाला तिकडून बोलायची, रुख्मिणी ऐकायची, कधी हसायची. हसू फोनवरून जात नाही, मी सांगायचो: हसली बरं का.

जयमालाला कळायला नको, एवढंच मला हवं होतं. कारण जयमालाला ह्या आजाराची शाळा झालेली आहे. तिची सासू सत्यभामाबाई अशाच विसरत गेल्या. जयमालानं खूप केलं, नोकरी सांभाळून केलं, आणि शेवटी त्यांना पुण्यात एका ठिकाणी ठेवलं. मी आणि रुख्मिणी भेटायला गेलो होतो. स्वच्छ जागा. भिंतीला हिरवा रंग. सत्यभामाबाई खिडकीशी बसून एकच हातरुमाल घडी घालत होत्या, उलगडत होत्या, घडी घालत होत्या. परत येताना गाडीत रुख्मिणी म्हणाली होती, "मले असं कुठी ठेवू नका बरं. मले आपल्या घरातच विसरू द्या." तेव्हा ती हसत म्हणाली होती आणि मीही हसलो होतो. जयमाला वाईट नाही. ती मला म्हणालीच होती, "बाबा, आईचं असं काही झालं तर तुमच्यानं होणार नाही. मी आईले घेऊन जाईन. तुम्ही तिथे राहा, तुमचा नौशाद आहे, गाव आहे." सगळं बरोबर होतं. म्हणूनच मला रात्री झोप येत नव्हती.

शेकाट्याची बायको उठली. मी डोळा कॅमेऱ्याला लावला. नवरा पाण्यातून येत होता, पोटाची पिसं ओली गच्च करून, टपटप गाळत. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गावात सांगितलं की पाखरू पोटात पाणी भरून आणून अंड्यांना अंघोळ घालतं. तेव्हा सगळे मनापासून हसले, नौशादसुद्धा. बकरी तळ्यात शिरली ह्यावर विश्वास, ह्यावर नाही. म्हणून तर हा कॅमेरा, हा खटाटोप. नवरा घरट्याशी आला, दोघांनी जागा बदलली, त्यानं ओलं पोट अंड्यांवर टेकवलं, अंग थरथरवलं. मी बटण दाबलं. कट्. त्यानं मान वळवून थेट भोकाकडे पाहिलं. मी श्वास धरला. आणि त्या शांततेत मला ते ऐकू आलं: अंड्याच्या आतून, बारीक, दाण्यावर दाणा घासावा तशी कुरकुर. एका अंड्यावर केसाएवढी चीर होती. आज. आजच निघणार होती पोरं. त्याच वेळी मांडीखाली फोन थरथरला.

"बाबा, मी आहे," जयमाला म्हणाली, मागे गाडीचा आवाज. "सुलतानपूर ओलांडलं. एकटीच गाडी काढून आली. आईच्या मौनाचं उद्यापन होईल ना आता, तिच्यासाठी लुगडं घेतलं. सरप्राइज!"

"जयू," मी पुटपुटलो.

"काय? जोरात बोला ना. हळू काऊन बोलून राह्यले?"

"समोर पाखरू बसलं आहे, माय."

"हं," ती हसली. "यावेळी पाखरू काय? ठेवते, वळण आहे."

नौशादला लावला. बराच वेळ वाजला. मग त्याचाही आवाज पुटपुटता आला. "काय हो भाऊ?"

"ये लवकर. जयमाला येऊन राह्यली घरी."

"जनाज्यात हाओ मी. अब्दुल गनी गेला, तंबाखूवाला. नमाजीनंतर मशिदीतूनच निघालो. खांदा देऊन राह्यलो ना बे."

"नौशाद, मी शिवलेला हाओ."

"तूच नाही, तोही कफनात बांधलेला हाय," तो म्हणाला, आणि लगेच दबक्या आवाजात, "माफ कर अल्ला." फोन बंद झाला. तिकडे एक म्हातारा मयताखाली पुटपुटत होता, इकडे एक अंड्यांपुढे.

मी हातानं शिवण चाचपली. बोट शिरेना. दातांनी लावून पाहिली, ताडपत्रीची चव रॉकेलसारखी. लपण मुळासकट उचलून पालथं टाकता आलं असतं, खुंट्या चिखलातच होत्या. मग शेकाट्या उठेल. मग ती चीर पडलेली अंडी उन्हात. बाभळीवर एक कावळा मघापासून मान वाकडी करून बसलेला. आणि पालथं टाकून तरी मी काय करणार होतो? मोटारसायकल नौशादकडे, पायी जाईपर्यंत जयमाला घरात शिरून, पाणी पिऊन, आईच्या शेजारी बसून झाली असती. तानुबाई तिथे होती. तानुबाईला मी सांगून आलो होतो, वहिनींशी बोलू नका, व्रतभंग होईल; ती बिचारी देवापुढे बसावं तशी अदबीनं समोर बसून लसूण सोलत असेल. घर डोळ्यांपुढे आलं: फाटक, ओटा, ओट्यावर मी नाही. मी नसलेला ओटा मी कधी पाहिलाच नव्हता. कोणीही सरळ आत जाऊ शकतं इतका तो मोकळा दिसत होता. ऊन ताडपत्रीतून आत झिरपून सगळं हिरवं करत होतं, माझे हात हिरवे, कॅमेरा हिरवा, आणि मला ती हिरवी भिंत आठवली, खिडकी, रुमालाची घडी. बाटलीत पाणी तळाशी होतं. मी झाकण उघडलं, लावलं. समोर शेकाट्या चोच उघडून धापा टाकत होता, पण उठत नव्हता. त्याची मला चीड आली. ऊठ ना, एकदा तरी आपल्या मनानं ऊठ, म्हणजे मला दोष नको.

फोन पुन्हा थरथरला. मी बघत राहिलो. मग घेतला.

"बाबा." जयमालाचा आवाज आता वेगळा होता, गुळगुळीत, सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसा. "मी घरी आली. आईजवळ बसली आहे. आई बोलली माझ्याशी."

अंड्यातली कुरकुर थांबली होती.

"तुम्ही मले सांगितलं काऊन नाही बाबा? आईनं सगळं सांगितलं. तानुमावशी बाहेर गेल्यावर मले जवळ घेतलं अन् म्हणाली, बाई, हळू बोल. ह्याईले काही आठवत नाही आता. काहीच्या काही बोलतात, दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याले काहीही सांगतात. कोणाले समजू नये म्हून मी तोंडच उघडत नाही, उघडलं तर गोष्ट बाहेर निघून जाईन." ती थांबली, नाक ओढलं. "इतके महिने ती तुम्हाले झाकून राह्यली बाबा. एकटी."

लपण एकदम माझ्याभोवती आवळल्यासारखं झालं. पहिल्यांदा आला तो राग. मग हसू, इतकं की तोंडावर हात दाबावा लागला. आणि मग, एका श्वासापुरतं, ती दुसरी गोष्ट: असेल का? बैलांना ओवाळताना कोणी विचारलं होतं, हे कोणाचे? तिनंच ना? मी घाईघाईनं स्वतःची झडती घेतली. स्टुडिओच्या पहिल्या कॅमेऱ्याचं कातडं, जयमालाच्या बारशाला आलेला पाऊस, नौशादच्या बापाचं नाव, काल रात्री मी गॅस बंद केला, तिनं नाही, तिनं तो नुसता सोडला होता आणि काडी शोधत होती. सगळं होतं. जागच्या जागी, धूळ न बसलेलं. विसर तिलाच पडलाय. तिनं फक्त आमच्या घरातलं ते लपवलेलं काहीतरी चाचपलं होतं, ते कोणाचं आहे एवढं विसरली होती. आणि त्यावर ती किती चांगली गोष्ट रचून बसली होती! माझ्यापेक्षा चांगली. जयमालानं ती पुरी घेतली होती, वजनातून काही न काढता.

"बाबा, ऐकता ना? तुम्ही आत्ता कुठे आहात, सांगता येतं का?"

मी खरं सांगितलं. "हिवरा आश्रमाच्या रस्त्याले, धरणात, बाभळीच्या पुढे. एका गादीत. नौशादनं मले आत घातलं अन् दाभणसुईनं शिवून टाकलं. समोर शेकाट्या आहे, तो पोट ओलं करून अंड्यांवर पाणी शिंपडतो. मी उठलो तर अंडी उकडतील. नौशाद जनाज्यात आहे, तोही पुटपुटून बोलतो."

मग रडणं गिळत, फार मायेनं, "बरं बाबा. बरं. तिथेच बसा. हलू नका. आईले घेऊन येते मी गाडीत, एकटी कशी ठेवू तिले, घाबरली आहे बिचारी. या उन्हात... तुम्ही हलू नका बरं."

मग मला वेळ मिळाला. विचार करायला माणसाला वेळ मिळू नये. मी सगळा प्रकार सगळीकडून उलटून पाहिला. जयमालाला खरं सांगितलं, की पोरी, तुझ्या आईनं तुला ओळखलंसुद्धा नाही, म्हणून तुला बाई म्हणाली, मलाही ती आता दादा म्हणते, तर संध्याकाळपर्यंत रुख्मिणीची पिशवी भरली जाईल. नाही सांगितलं तर? तर विसरभोळा मी. आणि आई शहाणी, धीराची, मुकाट्यानं सांभाळणारी. सांभाळणाऱ्या बाईला कोणी हलवत नाही. जयमाला म्हणेल, औषधं देते, आई आहेच लक्ष ठेवायला. आम्ही दोघं आमच्या घरात राहू. फक्त मला विसरावं लागेल. जयमाला असेल तेव्हा, फोनवर, दर रविवारी, आणि मग गावात कळेल, तेव्हा गावात. ओट्यावर उभं राहून मी काही सांगितलं तर लोक हसणार नाहीत, मान हलवतील. नौशादसुद्धा. आणि ते निभावायचं तर एकेक गोष्ट नीट लक्षात ठेवावी लागेल, की मी काय काय विसरलोय. मरेपर्यंत. मी घामानं निथळत होतो आणि तरीही, म्हाताऱ्या लबाडाला शोभेल असं, मला आतून गुदगुल्याही होत होत्या. पहिलं अंडं फुटलं. त्यातून एक ओलं, काड्यांसारखं काहीतरी बाहेर पडलं आणि बापाच्या पोटाखाली शिरलं. मी फोटो काढायचं विसरलो. हे खरंच विसरलो.

गाडी बाभळीपाशी थांबली. दारं वाजली. भोकातून मला जयमाला चिखलावरून येताना दिसली, ओढणी डोक्यावर, चपला हातात. शेकाट्या ताडकन उठला. तिच्या डोक्यावरून ओरडत एक फेरी, मग तिच्या पुढ्यात चिखलावर पडला, एक पंख उघडा टाकून, फरफटत, लंगडत, गुलाबी पाय मोडल्यासारखे पसरून. बायकोही दुसरीकडे तेच सोंग करत होती. "अगं आई, याचा पंख मोडला," जयमाला मोठ्यानं म्हणाली आणि चार पावलं त्याच्यामागे गेली. तो आणखी लंगडला, आणखी पुढे. ती वाकली, हात पुढे केला. लहानपणी ती असंच काहीही उचलून घरी आणायची. मग तिला माझी आठवण झाली, ती वळली आणि पळत लपणाकडे आली. घरट्याच्या शेजारून गेली, तिला ते दिसलं नाही.

"बाबा? बाबा, आत आहात?" तिनं शिवण पाहिली असावी, तिच्या तोंडून एक आवाज निघाला. "खरंच शिवलं आहे हो." क्षणभर मला वाटलं संपलं सगळं, पण ती पुढे म्हणाली, "त्या नौशादकाकाले समजू नये का, आजारी माणसाले असं..." गाडीच्या किल्लीनं ती एकेक टाका खरवडत राहिली. गादीवाल्याचे टाके. उजेड आत आला तो थेट डोळ्यांत, आणि उजेडात तिचा चेहरा, घामानं चिकटलेले केस, कपाळावरची ती टाक्यांची शिवण, लहानपणी माझ्याच स्टुडिओच्या पायरीवर पडल्याची. ती गुडघ्यांवर बसली.

"बाबा, मी कोण?"

मी तिच्याकडे नीट बघितलं. "पाटबंधारे खात्यातून आल्या का, बाई?" मी म्हणालो. "पाणी सोडता काय आज?"

तिचा खालचा ओठ असा थरथरला की माझा हात आपोआप उचलला गेला. मी तो कॅमेऱ्याच्या पट्ट्याकडे नेला. "मी जयू आहे बाबा. जयू."

"असेल," मी म्हणालो. "चला, चला लवकर. अंडी उकडतात."

"हो, उकडतात, चला," ती म्हणाली, डोळे पुसत, आणि मला काखेतून धरून उभं केलं. पाय मेले होते माझे, चालणं आपोआप म्हाताऱ्या आजाऱ्याचं झालं, त्यासाठी काही करावं लागलं नाही. मागे शेकाट्या ओरडत होते. मी वळून पाहिलं नाही.

रुख्मिणी गाडीला एक हात लावून उभी होती, दुसऱ्या हातानं डोळ्यांवर सावली धरून, पाण्याकडे बघत. नवं लुगडं नेसली होती, जयमालानं आणलेलं, जांभळ्या काठाचं. ते तिला फार शोभत होतं. घडी न् घडी दिसत होती त्याची. जयमालानं मला तिच्यापुढे आणून उभं केलं, अगदी जवळ. सासूच्या वेळी डॉक्टरांनी शिकवलेलं असणार, ती सावकाश, एकेक शब्द उचलून म्हणाली, "बाबा, आता सांगा बरं. ही कोण?"

माझ्याजवळ उत्तरं तयार होती. तानुबाई म्हणायचं होतं, किंवा माझी मावशी, किंवा नर्स. कोणतंही चाललं असतं. रुख्मिणीनं हात खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं, त्याच अदबीनं. तिच्या गालाला ऊन लागलं होतं आणि कानाजवळ मेणावरचं कुंकू ओघळून आलं होतं, आणि घरात आता तिला तिच्या नावानं हाक मारणारं माझ्याशिवाय कोणी नाही, हे माझ्या मनात आलं, बाकी काहीच आलं नाही.

"रुख्मिणी," मी म्हणालो.

जयमालानं दोन्ही हात तोंडावर नेले. "ओळखलं!" ती रडत हसली. "आई, तुले ओळखलं बाबाईनं! ऐकलं का?"

रुख्मिणीनं मागे वळून पाहिलं. गाडीच्या पलीकडे, बाभळीखाली, रस्त्याच्या दिशेनं, कोण आली आहे ते. तिथे कोणी नव्हतं. मग ती जयमालाकडे वळली आणि आपल्यामुळे कोणाची अडचण नको अशा सुरात म्हणाली, "कोण हो बाई? त्यांची माणसं यायची आहेत का?"

जयमालाच्या चेहऱ्यावरचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं. तिनं आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी नजर खाली केली, पण उशीर झाला होता. मी शहाण्या माणसासारखी खाली केली.

"कधीपासून?" ती म्हणाली.

"पोळ्यापासून."

तिनं मागचं दार उघडलं, आईला हाताला धरून आत बसवलं, लुगड्याचा लोंबता काठ उचलून आत घेतला आणि दार लावलं. मग दाराला पाठ लावून ती उन्हात माझ्यापुढे उभी राहिली, मी पुढे काय सांगतो त्याची वाट बघत.